दौलतभाऊंच्या दोन घंट्या

दौलतभाऊ भोयर दोन घंट्या झाल्याशिवाय फोटो काढत नाहीत.

समोर फूल असतं, उजेड चांगला असतो, कॅमेरा डोळ्याला लावलेला असतो, गुडघे मातीत रुतलेले असतात, तरी बोट बटणावर नुसतं टेकलेलं. अंगणातल्या कडुलिंबाला पितळेची एक घंटी टांगलेली आहे. ती दोनदा वाजली की बोट दाबलं जातं. एकदाच वाजली तर ते कॅमेरा खाली घेतात आणि पाठ सरळ करतात. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. त्यांच्या सगळ्या नोकरीत हा कायदा होता, आणि निवृत्त झाल्यावर कायदा बदलतो असं त्यांना कोणी कळवलेलं नाही.

दौलतभाऊ एसटीच्या लाल गाडीचे ड्रायव्हर होते. झरी जामणीकडची मुक्कामी गाडी असो की चतुर्थीला कळंबच्या चिंतामणीला जाणारी जादा गाडी, पांढरकवड्याच्या डेपोतून ती दौलतभाऊंच्या हाती निघाली की लोक निवांत झोपत. त्यांच्या आणि माझ्या घरामध्ये एक कमरेएवढी भिंत आहे. मी मोजणी खात्यात आहे. लोकांच्या धुऱ्याची, म्हणजे शेताच्या बांधाची, भांडणं टेप लावून मिटवणं हे माझं काम. ती नेहमी मिटतातच असं नाही, पण आकडा तरी लागतो.

निवृत्तीनंतर माणूस ढिला पडतो. दौलतभाऊ पडले नाहीत. स्कूटर काढायची तर आधी तिच्याभोवती एक फेरी मारून दोन्ही चाकांना लाथ घालायची. गल्ली रिकामी असली तरी मागे घेताना विचारायचं, "मांगं कोणी हाय काय जी?" उत्तर येईपर्यंत हलायचं नाही. कितीदा तरी मीच माझ्या न्हाणीतून ओरडलो आहे, "कोणी नाही, येऊ द्या." लग्नाच्या पंगतीत कोणी रांगेत पुढे घुसला तर ते त्याला घुसू देतात आणि शेजारच्याला शांतपणे सांगतात, "याचा पुढं कुठीतरी अपघात हाय."

आणि त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे. कोणी तीर्थयात्रेला चला म्हटलं, मुलीने पुण्याला बोलावलं, मी नागपूरला जाताना सहज विचारलं, की ते मान हलवतात. "लांबचं लय पाह्यलं, गजाभाऊ. आता जवळचं पाहू."

हे वाक्य मी आधी थट्टेवारी नेत असे. त्यांच्या घरातली गोष्ट पाहता ते थट्टेचं नव्हतं.

दौलतभाऊंच्या बायकोची, सुमनवहिनींची, नजर म्हणजे आमच्या गल्लीची सार्वजनिक मालमत्ता होती. सगळ्यांच्या सुया त्यांच्याकडे ओवायला जात. तांदळातला पांढरा खडा त्यांना उभ्याने दिसे. मग काही वर्षांपासून त्यांच्या डोळ्यांचा पडदा मधोमध झिजायला लागला. कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. माणूस समोर उभा राहिला तर त्याचे कान दिसतात, चेहरा जातो. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली सांभाळू.

मागच्या संक्रांतीला त्यांच्या घरी हळदीकुंकू होतं. वहिनींचं बोट एका बाईच्या कपाळाऐवजी भुवईवर टेकलं, दुसरीच्या नाकावर. बायका हसल्या. माझी बायको सुनंदा तिथे होती. ती सांगते की कोणाच्या मनात वाईट नव्हतं, आधी वहिनी स्वतःच हसल्या. पण तिसरीच्या वेळी त्यांनी कुंकवाची कोयरी सुनंदाच्या हातात दिली, "तू लाव वो बाकीच्यायले," म्हणाल्या आणि मागच्या खोलीत गेल्या. त्या दिवसापासून त्या घराच्या पुढच्या बाजूला आल्याच नाहीत. स्वयंपाक करत, घरातलं सगळं करत, पण दारात चपलांचा आवाज झाला की मागची खोली. अंगणात त्यांचा सांबाराचा वाफा होता. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात. अंगण रस्त्यावरून दिसतं, म्हणून वाफाही सुटला, तो दौलतभाऊंकडे आला.

त्या घरात तेव्हापासून एकच गोष्ट पणाला लागली होती. वहिनी पुन्हा अंगणात येतात की कायमच्या मागच्या खोलीत राहतात.

आणि अशा वेळी दौलतभाऊंनी कॅमेऱ्याचं सामान मागवलं. गल्लीला ते आवडलं नाही. मलाही आवडलं नाही, आणि मी तसं बोललो. ते म्हणाले, "पार्सल आलं की या."

कॅमेरा त्यांच्या भाच्याचा होता. तो लग्नांची शूटिंग करतो. नवा घेतल्यावर जुना त्याने मामाला दिला, सोबत पन्नास मिलिमीटरचं एक भिंग. पार्सल आलं त्या सकाळी दौलतभाऊ भिंतीशी उभे होते. चेहरा पंक्चर झाल्यासारखा.

"गजाभाऊ, फसलो."

त्यांच्या हातात तीन काळ्या गोल नळ्या होत्या, बांगडीपेक्षा थोड्या लहान, कमीजास्त उंचीच्या. "पाहा यातून. काच काढून घेतली न यातली."

मी एक नळी डोळ्याला लावली. पलीकडे दौलतभाऊ होते तेवढेच दिसले. मी करंगळी घातली, ती आरपार गेली. आम्ही खोका उलटा करून हलवला, थर्माकोल फोडला, काच वेगळी बांधली असेल म्हणून कागदाची घडी न घडी उलगडली. मग मी माझ्या अक्षरात तक्रार लिहायला घेतली, 'वस्तू अपूर्ण मिळाली.' पाठवण्याआधी सोबतची चिठ्ठी वाचणं माझं कर्तव्य होतं. तिच्यात स्पष्ट लिहिलं होतं की या नळीत काच नसतेच. ही एक्स्टेन्शन ट्यूब. कॅमेरा आणि भिंग यांच्यामध्ये बसवायची. तिचं काम एकच, दोघांमध्ये अंतर पाडायचं. अंतर वाढलं की भिंगाला जवळचं, अगदी नाकाशी आलेलं, नीट दिसायला लागतं.

दौलतभाऊंनी हे दोनदा वाचून घेतलं. "म्हणजे मी रिकामी जागा इकत घेतली."

"हो."

"मंग प्लॉटच झाला न थो. तुमच्याच खात्यातलं निघालं."

आकडे माझ्याकडे आले. नळ्या बारा, वीस आणि छत्तीस मिलिमीटरच्या. तिन्ही जोडल्या तर अडुसष्ट. अडुसष्टला पन्नासाने भागलं तर एक पूर्णांक छत्तीस शतांश. म्हणजे मुंगी जेवढी आहे त्याच्या सव्वापटीहून थोडी मोठी आत उमटणार. हे ऐकून दौलतभाऊंनी तिन्ही जोडल्या, प्रत्येक वेळी खट् आवाज येईपर्यंत फिरवल्या आणि तुळशीपुढे हातभर अंतरावर उभे राहिले. पाहिलं, परत पाहिलं.

"काय दिसते?"

"डिसेंबरातलं धुकं."

"भाऊ, गाडी उभी हाय अन् तुमी तिसऱ्या गिअरवर उठवता काय?"

ते त्यांना लागलं. ड्रायव्हरला दुसरं काही बोललेलं चालतं. त्यांनी मुकाट्याने दोन नळ्या उतरवल्या आणि बाराची एकटी ठेवली. त्या दिवसापासून बारा म्हणजे पहिला गिअर, वीस म्हणजे दुसरा, तिन्ही मिळून तिसरा. कोणीही नव्याने सुरुवात करत असेल तर मीही हेच सांगेन, आधी बारा. तिच्यावर फूल वीतभर लांब राहतं, हात स्थिरावतो, उजेडही फारसा जात नाही. तिसऱ्यावर फूल चार बोटांवर येतं, आपलीच सावली त्याच्यावर पडते आणि उजेड पाचवा हिस्सासुद्धा उरत नाही. त्यासाठी पांढरा थर्माकोल धरून ऊन वळवावं लागतं. तो खोक्यात आलेला होताच, आम्ही फोडलेला.

पण पहिल्या गिअरवरही धुकं हटेना. दौलतभाऊ भिंगावरची कडी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत होते. चिठ्ठीत खाली लिहिलं होतं की कडी फिरवून फारसा उपयोग नाही. माणसानेच पुढेमागे व्हायचं. मी कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्याकडे पाहत त्यांच्या पाठीशी उभा राहिलो.

"पुढं घ्या. अजून. अजून. बस, बस. थोडं मांगं."

ते थांबले. "गजाभाऊ, नीट सांगा. गाडी फलाटाले लावून राह्यलो असं समजा."

मग मी त्यांच्या पाठीवर थाप मारत म्हणू लागलो, "येऊ द्या... येऊ द्या... हळू... येऊ द्या... बस्स." आणि त्या 'बस्स'ला तुळशीची मंजिरी धुक्यातून अशी बाहेर आली की माझा हात त्यांच्या पाठीवरच राहिला. तुळस आमच्याही दारात आहे. मंजिरीच्या एकेका बोंडाला लव असते हे मला माहीत नव्हतं.

त्याच भरात त्यांनी कॅमेरा उचलून रस्त्यापलीकडच्या पाण्याच्या टाकीकडे धरला. टाकी नव्हतीच, नुसता करडा डाग. नळी लावली की लांबचं संपतं, ही तिची अट आहे. मला वाटलं त्यांना वाईट वाटेल.

"बरंच हाय," ते म्हणाले. "लांबचं लय पाह्यलं."

दिवाळीच्या आधी आम्ही केळापूरच्या रस्त्यावर त्यांच्या ओळखीच्या एका वावरात गेलो. पऱ्हाटी फुलावर होती. कपाशीचं फूल सकाळी पिवळसर असतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. त्यांना दोन्ही एका झाडावर हवी होती. ते ओळीत पोटावर झोपले. मी सवयीने टेप आणली होती, भिंगापासून फुलाचं अंतर मोजायला. चूक ती टेपचीच झाली. या भागात माझा चेहरा आणि माझी टेप लोक ओळखतात, आणि बोंडअळीचे दिवस होते. शेजारच्या वावरातला माणूस धुऱ्यावर आला. मग आणखी दोघं आले. एकाच्या हातात मुळासकट उपटलेलं झाड.

"साहेब, पंचनामा सुरू झाला काय? माह्यं वावर पुढं हाय, नाल्यापाशी."

दौलतभाऊ जमिनीवरूनच म्हणाले, "पंचनामा नाही जी. मी ड्रायव्हर हावो."

"ड्रायव्हर हाय त साहेब कुठी हाय?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेप खिशात घालायला लागलो, त्याने संशय आणखी वाढला. मी सांगितलं की आज रविवार आहे, मी सरकारी कामावर नाही, हे माझे शेजारी आहेत आणि ते फुलाचा फोटो काढत आहेत. हे सगळं खरं होतं आणि कोणालाही पटलं नाही. एक म्हातारे गृहस्थ शांतपणे म्हणाले, "आमाले काही नाही सांगतलं तरी चालन. पण काढूनच राह्यले त याचाबी काढा." आणि त्यांनी एक बोंड फोडून पुढे केलं. आत गुलाबी अळी.

दौलतभाऊंनी तिसरा गिअर टाकला. मी थाप मारत गेलो. फोटो निघाल्यावर तो मोठा करून पडदा त्या गृहस्थांसमोर धरला. अळीचं तपकिरी डोकं पडद्यावर लिंबाएवढं दिसत होतं. ते बराच वेळ पाहत राहिले.

"हे थे," ते म्हणाले. "कायचं काय करून ठेवते. अन् तोंड पाहा, लेकराचं हाय."

परत येताना घराजवळ आल्यावर दौलतभाऊ म्हणाले, "हे तिले दाखवाचं नाही. तिले फुलंच दाखवाचे."

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की फोटो कोणासाठी निघत होते.

आता घंटीकडे येतो. तिसऱ्या गिअरवर मोठा शत्रू म्हणजे वारा. स्पष्ट दिसणारा भाग पातळ पोह्याच्या जाडीएवढा असतो; आपण श्वास सोडला तरी फूल त्याच्याबाहेर जातं. वारा पडला हे कळायला पानांचा आवाज ऐकावा लागतो आणि दौलतभाऊंना तो ऐकू येत नाही. जन्मभर इंजिन डाव्या मांडीशी धडधडत होतं. मोठा आवाज त्यांना येतो, सळसळ येत नाही. एका सकाळी ते वाफ्यापाशी वाकून बसले होते, फोटोमागून फोटो हललेले. अंगण घराच्या बाजूने मागपर्यंत जातं आणि मागच्या खोलीची खिडकी त्यावर उघडते. तिच्यातून वहिनींचा आवाज आला.

"आता नाही हाय वारा. काढा."

त्यांनी काढला. तो हलला नव्हता.

दुसऱ्याच दिवशी ते भंगारातून एका जुन्या गाडीची घंटी घेऊन आले. ती कडुलिंबाच्या फांदीला बांधली आणि तिचा दोर पडवी आणि मधल्या खोलीतून आत, वहिनींच्या खाटेपर्यंत नेला. वहिनी आतून म्हणाल्या, "तोंडानं सांगतलं असतं न मी. हे कायले?" दौलतभाऊ म्हणाले, "तोंडी सांगतल्यावर मी कवाच गाडी हालवली नाही." झालं. घरातल्या घरात कंडक्टरची नेमणूक झाली. येणारे-जाणारे हसत. वहिनी खाटेवर बसून कान देत आणि कडुलिंबाची पानं थांबली की दोन टोले देत. मोटारसायकल आली, धूळ उडाली, एक टोला. त्यांचा अंदाज चुकलेला मी पाहिला नाही.

संध्याकाळी ते फोटो टीव्हीवर लागत. हे आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतं. एका संध्याकाळी सुनंदाने मला बोलावलं. टीव्हीवर सांबाराचं फूल होतं, सुपाएवढं. आणि वहिनी त्याच्यासमोर भिंतीवरच्या घड्याळाकडे तोंड करून बसल्या होत्या.

"नवरा एवढ्या हौसेनं दाखवून राह्यला अन् ह्या घड्याळ पाहून राह्यल्या," सुनंदा म्हणाली. "भांडण हाय."

रोज तेच. फूल टीव्हीवर, वहिनी घड्याळाकडे. शेवटी मी दौलतभाऊंना सरळ विचारलं, "वहिनी रागावल्या काय तुमच्यावर?"

"काहून?"

मी घड्याळाचं सांगितलं. ते थोडं हसले. "टीव्हीकडं पाह्यलं त तिले टीव्ही दिसत नाही. घड्याळाकडं पाह्यलं की टीव्ही दिसते. मीच सांगतलं तिले. मांगची गाडी पाहाची असन त ड्रायव्हर मान वळवते काय? बाजूच्या आरशात पाहते. तू बी आरशात पाह्य." मग म्हणाले, "तिनं इचारलं होतं, सांबाराले फुल आलं काय. मी म्हटलं आलं, ये न पाह्याले. थे म्हणे मले आता फुलाचा नुसता ठिपका दिसते, कवाकवा थोबी नाही. मी म्हटलं, ठिपका मोठा करू. अन् आता पाहा, काल मलेच सांगते, फुलाच्या कडंले मावा हाय, बारीक किडा. मी चष्मा पुसून पाह्यलं तवा दिसला."

थंडी पडायला लागली तेव्हा एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. माझ्या डोळ्याला अंतराची सवय आहे. खाटेच्या पायाशी बांधलेला घंटीचा दोर आता खोलीच्या दाराच्या चौकटीला अडकवलेला होता आणि वहिनी दारात पाटावर बसून तो ओढत होत्या. पुढे केव्हातरी तो मधल्या खोलीत आला. मग पडवीतल्या खांबाशी. मी दौलतभाऊंना विचारलं, "दोर कमी कसा होऊन राह्यला?"

ते कॅमेऱ्याची नळी फडक्याने पुसत होते. "उंदीर," ते म्हणाले.

"उंदीर?"

"लय झाले या वर्षी."

आमच्या घरात त्या वर्षी एकही उंदीर नव्हता आणि आमची भिंत एक आहे. पण चेहरा असा होता की गाडी वेळेवर का आली नाही हे वरिष्ठांना सांगत आहेत. मी पुढे विचारलं नाही.

पडवीनंतर अंगण. पडवीला अर्धी भिंत आहे, आडोसा आहे. अंगणात रस्त्यावरचा प्रत्येक माणूस पाहतो. एका सकाळी मी पेपर घ्यायला बाहेर आलो तर दोराचं टोक पडवीच्या पायरीखाली, कडुलिंबाच्या बुंध्याजवळ लोंबत होतं. तिथे एक लोखंडी खुर्ची मांडलेली. दौलतभाऊ वाफ्यापाशी गुडघ्यांवर. सांबाराच्या फुलावर दव, दवात एक मुंगी गारठून बसलेली. अशी मुंगी उन्हं आली की पाचच मिनिटांची सोबती. वारा नव्हता. मलाही कळत होतं की नव्हता.

"काढा न," मी म्हणालो.

"घंटी नाही झाली."

पडवीत वहिनी उभ्या होत्या. हाताने खांब धरलेला. दोर जिथे असायचा तिथे त्यांनी हात फिरवून पाहिला होता आणि आता तो हात तसाच हवेत होता. रस्त्यावरून दूधवाला गेला. त्या आत सरकल्या.

उन्हं भिंतीवर आली. मुंगीने एक पाय हलवला. "भाऊ, मी वाजवतो," मी हळूच म्हणालो.

"गाडीले कंडक्टर एकच असते, गजाभाऊ."

"मुंगी चालली."

"जाऊ द्या. दुसरी येईन." कॅमेरा डोळ्यावरून हलला नाही, पण त्यांची मान थरथरत होती. त्या वयात इतका वेळ वाकून राहणं सोपं नाही. त्यांनी हाक मारली नाही. एकदाही मागे पाहिलं नाही. ती मुंगी खरंच गेली. दव उतरलं. फूल नुसतं फूल उरलं, कालसारखं. मी पेपर बगलेत धरून उभा होतो आणि आत जावं की थांबावं हे मला ठरवता येत नव्हतं.

मग पायरीवर चप्पल वाजली. वहिनी एकेक पाऊल चाचपत उतरल्या. डोळे माझ्या बाजूला होते, म्हणजे त्या झाडाकडे पाहत होत्या. खुर्चीची पाठ हाताला लागली, मग दोर. त्यांनी दोराचं टोक बोटांत धरलं, अंगठा त्याच्यावरून फिरवला, पुन्हा फिरवला.

"उंदराचे दात लय सरळ हायत आपल्या घरच्या," त्या म्हणाल्या. "कातरीसारखे."

दौलतभाऊंनी भिंगावरची कडी उगाच फिरवली.

"पह्यल्या दिसापासून मालूम हाय मले. खाटेपाशीच मालूम झालं."

"मंग आली काहून?"

"तुमची मान दुखते म्हणून." त्या खुर्चीत बसल्या. पदर सारखा केला. रस्त्यावरून एक सायकल गेली, तिचा आवाज पूर्ण जाईपर्यंत त्यांनी मान तिरकी करून वाट पाहिली. कडुलिंबाची पानं थांबली. दोन घंट्या झाल्या.

तो फोटो मी पाहिला आहे. हललेला आहे. दौलतभाऊंनी तोच मोठा करून पडवीत लावला. मी म्हणालो, इतके चांगले फोटो असताना हा का? ते म्हणाले, "टायमावर सुटलेली गाडी हाय थे."

या संक्रांतीला त्यांच्या घरी हळदीकुंकू झालं. सुनंदा गेली तेव्हा मी भिंतीशी उभा होतो, कारण दौलतभाऊ अंगणात होते आणि पुरुषाला त्या वेळी घरात जागा नसते. ते नेहमीसारखे वाफ्यापाशी वाकलेले. तिसरा गिअर, थर्माकोल लावलेला, बोट बटणावर. आतून बायकांचा गलका आणि त्यात वहिनींचा आवाज येत होता, कोणाला तरी वाण पुन्हा घ्यायला लावत होत्या.

सुनंदा बाहेर आली. "वहिनी माह्या कानाकडं पाहत होत्या," ती म्हणाली. "मले वाटलं झुमका आवडला. अन् बोट बरोबर आलं."

मी तिच्या कपाळाकडे पाहिलं. माझी नोकरी मोजणीची आहे. डाव्या भुवईपासून आणि उजव्या भुवईपासून अंतर सारखं होतं.

वारा केव्हाचा पडला होता. फूल स्थिर होतं. उजेड जात चालला होता आणि खुर्चीपाशी दोर नुसता लोंबत होता. मी म्हणालो, "भाऊ, वहिनी कामात हायत. आज घंटी होत नाही. काढून घ्या."

दौलतभाऊंनी कॅमेऱ्यावरची नजर काढली नाही.

"पॅसेंजर चढून राह्यले," ते म्हणाले. "चढू द्या."